बेळगावहून बदामी–हंपी, आई बरोबर आहे : निघण्याआधी काय काय बघून ठेवू?

मागवाला_वडगाव

राम राम मंडळी. जानेवारीत २५ची रजा टाकून २६ आणि शनिवार-रविवार जोडतोय. चार दिवस, तीन रात्री. माणसं सात: मी, बायको, आठवीतला मुलगा, तिसरीतली मुलगी, आई (वय ७२, गुडघे बोलतात) आणि कोल्हापूरहून बहीण तिच्या पोराला घेऊन. दाजी येणार नाहीत, पण गाडी देणार आहेत. दाजींचं हे नेहमीचंच.

खरं तर दसऱ्यातच जायचं होतं. पण आमच्या शाळा कर्नाटकच्या, त्यांची मोठी सुट्टी दसऱ्याला. बहिणीच्या पोराची दिवाळीला. एकाच आजीची नातवंडं आणि सुट्ट्या दोन राज्यांच्या. म्हणून जानेवारी.

गेले पंधरा दिवस रात्री बसून एक्सेल केलंय. १९ ठिकाणं झालीत. पहिला दिवस बदामीची लेणी, भूतनाथ, किल्ला. दुसरा दिवस महाकूट, पट्टदकल, ऐहोळे आणि संध्याकाळी हंपी गाठायची. तिसरा दिवस हंपी. चौथ्या दिवशी पहाटे अंजनाद्री, वाटेत लक्कुंडी, रात्री घरी. जमेल काय? अजून काय बघून ठेवायला पाहिजे?

निपाणी_नाका

एक्सेल? सहलीला? आमचे आबा एका पिशवीत चुरमुरे आणि पाठीमागं चार पोरं घेऊन अख्खा कर्नाटक फिरून आले. गाडी काढा, निघा. झोप येईल तिथं लॉज बघा. दाजींची गाडी येताना कोगनोळीची हद्द ओलांडल्यावर टाकी भरा, आमच्याकडं पेट्रोल स्वस्त पडतं. एवढं प्लॅनिंग पुरे.

शहापूरची_लेक

आबांची चार पोरं वाटेत कोण सांभाळत होतं, ते एकदा आजीला विचारा. त्यांचं उत्तर इथं टाकलंत तर आम्हालाही उपयोग होईल.

मागवाला दादा, तुमच्या यादीत १९ ठिकाणं आहेत आणि आई एकाच ओळीत, तीसुद्धा कंसात. मी सासूबाईंना घेऊन दोनदा गेले आहे, त्यावरून सांगते. यादी उलटी करा. आधी आईंचा दिवस आखा, उरलेल्या वेळात बाकीच्यांचं बसवा. बदामीला पहिलं लेणं थोड्याच पायऱ्यांवर आहे आणि अठरा हातांचा नटराज तिथंच आहे. तो बघून आई खाली सावलीत बसू शकतात. तिसऱ्या-चौथ्या लेण्याला तुम्ही पोरांना घेऊन जा. एक मोठं माणूस आईंजवळ थांबवा आणि ते कोण, हे घरातच ठरवा. तिथं पायऱ्यांवर उभं राहून ठरवायला गेलात तर भांडण ठरलेलं. किल्ल्याची वाट चढाची आहे, ती मुलानं आणि तुम्हीच करायची. भूतनाथला मात्र आईंना न्याच. तळ्याच्या काठानं सपाट चालायचं आहे आणि देवळाचं तोंड पश्चिमेला, त्यामुळं संध्याकाळच्या उन्हात तो तांबडा दगड पेटल्यासारखा दिसतो.

अंजनाद्रीला पावणेसहाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आईंच्या दिवसातून ते आत्ताच खोडा.

आणि बदामीची माकडं. त्यांना कुरकुऱ्यांचं पाकीट आपल्या पोरांपेक्षा आधी दिसतं. खाऊ पिशवीत नको, गाडीत.

खानापुरी

धागा आवडला. माझं थोडं लांबतंय, चालवून घ्या.

आमच्या कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा सौंदत्तीचं धरण ओलांडून पुढं पट्टदकलला आणि ऐहोळेला जाते. पट्टदकलजवळ ती उत्तरेकडं वळते, म्हणून तो काठ पवित्र. चालुक्यांचे राज्याभिषेक तिथं व्हायचे. मी दर वेळी तिथं घाटावर बसतो, आमच्याच गल्लीतलं कुणी परगावी भेटावं तसं वाटतं. पावसाळ्यात मात्र हीच बाई अंगावर येते. २०१९च्या ऑगस्टात पुराचं पाणी पट्टदकलच्या देवळांत शिरलं होतं. तुम्ही जानेवारीत जाताय, उत्तम.

आता मुद्दा. लोक अंतरं बघतात, तिकिटं बघतात, पण समोर काय दिसणार आहे हे घरच्या माणसांना सांगत नाहीत. माझ्या आईला मी ऐहोळेच्या दुर्ग मंदिरात नेलं. ती हळदकुंकू, खण-नारळ सगळं घेऊन आली होती. आत देवी कुठाय म्हणून विचारायला लागली. ते 'दुर्ग' म्हणजे किल्ला, किल्ल्याजवळचं देऊळ म्हणून पडलेलं नाव. दुर्गादेवीचा काही संबंध नाही. आईनं नारळ परत पिशवीत घातला आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पुढच्या वेळी हंपीला विजय विठ्ठल मंदिरात तेच. दगडी रथ आहे, सुराचे खांब आहेत (आता वाजवू देत नाहीत, ते बरंच आहे), गाभारा रिकामा.

दुर्ग मंदिरात दुर्गा नाही, विठ्ठल मंदिरात विठ्ठल नाही. ज्यांच्या घरी तुळशीमाळ आहे त्यांनी हे निघण्याआधी घरात सांगून ठेवावं. पूजाअर्चा चालू असलेलं देऊळ पाहिजे तर हंपीत विरुपाक्ष. पट्टदकललाही विरुपाक्षच आहे. दुसरा विक्रमादित्य कांचीच्या पल्लवांना जिंकून आला म्हणून त्याच्या राणीनं, लोकमहादेवीनं, आठव्या शतकात बांधवून घेतलेलं.

निवृत्त_वाहक

मी काही लेणीबिणी बघितलेलो नाही. बत्तीस वर्षं त्या लाईनवर तिकीट फाडलो. बदामीच्या स्टँडवर किती वेळा झोपलोय, मोजलं नाही. खरं लेण्यापर्यंत कधी गेलो नाही.

तुम्ही २५, २६ धरलाय, खरं कॅलेंडर बघितलाय काय? मोबाईलमधलं नव्हे, भिंतीवरचं. २५ला पौष पौर्णिमा आहे. त्या दिवशी बनशंकरीचा रथ. देऊळ बदामीपासून पाच किलोमीटर. जत्रा एक दिवसाची नव्हे, पुढं कित्येक दिवस चालते. नाटक कंपन्या तंबू ठोकून बसतात, रात्रभर खेळ. लाकडी दारं-चौकटी विकायला येतात, माणसं घराची चौकट घेऊन ट्रॅक्टरनं परत जातात. त्या गर्दीत तुम्ही सात माणसं घेऊन बदामीत दुपारी पोचणार आणि खोली बघणार.

दुसरं. त्याच पुनवेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर गर्दी. मोबाईल तुम्हाला सौंदत्ती-रामदुर्गावरून जवळचा रस्ता दाखवील. त्या दिवशी तिकडून जाऊ नका. ट्रॅक्टर, बैलगाड्या, चालत जाणारी माणसं. एरवीसुद्धा मंगळवार, शुक्रवार आणि पुनव सोडून जायचं. आमच्या डेपोत जादा गाड्या लावताना साहेब लोक नकाशा बघत नव्हते, पंचांग बघत होते.

मागवाला_वडगाव

काका, पाया पडतो. पंधरा दिवस मी हवामान बघितलं, उन्हाची वेळ बघितली, फोटो कुठून चांगला येतो ते बघितलं. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर दुधाच्या हिशेबाखाली पौर्णिमा छापलेली होती, ती काही दिसली नाही.

आज बदामीत सहा लॉजना फोन केले. चार भरलेत. एकानं जो दर सांगितला त्यात आमच्या गल्लीतलं लग्न होईल. सहावा म्हणाला या, बघू. 'बघू'च्या भरवशावर आईला नेणं शक्य नाही.

आणि अजून एक गंमत. हे सगळं बायकोला सांगत होतो, तर आई आतून म्हणाली, "बनशंकरीची जत्रा? मग तिथं जायचंच की. माझ्या आजोळची देवी ती." मला ४२ वर्षांत पहिल्यांदा कळलं. एक्सेलमध्ये बनशंकरी नव्हतीच, जागा नाही म्हणून काढली होती.

गडहिंग्लजकर

एवढा गोंधळ कशाला. बदामी सोडा, सरळ हंपीला जा आणि नदीपलीकडं विरुपापूर गड्डीला राहा. हिप्पी आयलंड म्हणतात त्याला. झोपड्या, शेतं, स्वस्त आणि मस्त. मी २०१५ला राहिलोय. आणि ते 'बेळगावी' वगैरे न लिहिता बेळगाव लिहिल्याबद्दल धागाकर्त्याचं अभिनंदन.

शहापूरची_लेक

तिथली हॉटेलं २०२० साली न्यायालयाच्या आदेशानंतर पाडली. जुने ब्लॉग आणि व्हिडिओ अजून तिथंच राहायला सांगतात. प्रवासाची माहिती वाचताना आधी खालची तारीख बघायची, मग मजकूर. हंपी बाजारातली घरं-दुकानंही २०११ साली हटवली, त्यामुळं देवळासमोरच्या खोल्यांची जुनी वर्णनंही सोडून द्या. कुटुंब असेल तर होसपेटला राहावं, हंपी तिथून १३ किलोमीटर.

नावांचं म्हणाल तर वाद इथं नको, पण शोधताना दोन्ही नावं टाकून बघा. हुबळी-हुबळ्ळी, विजापूर-विजयपुरा, होसपेट-होसपेटे. एका नावानं लॉज सापडत नाही तो दुसऱ्या नावानं सापडतो. रस्त्यावरच्या पाट्यांवर नवीनच नाव असतं, कोल्हापूरच्या ताईंना सांगून ठेवा.

निपाणी_नाका

अभिनंदन स्वीकारायला धागाकर्ता मोकळा नाही, तो लॉजला फोन करतोय.

खानापुरी

गडहिंग्लजकर, ऐहोळेला मेगुती टेकडीवर जैन मंदिराच्या भिंतीत रविकीर्तीचा शिलालेख आहे, इसवी सन ६३४चा. संस्कृतात, जुन्या कन्नड वळणाच्या लिपीत. बदामीचा दुसरा पुलकेशी ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाला, असं त्यात कोरलंय. म्हणजे राजधानी बदामी, भाषा संस्कृत, लिपी कन्नड आणि गावं महाराष्ट्राची. कुणाचं काय, ते तिथं उभं राहून ठरवा आणि मलाही कळवा. चढ थोडा आहे, पाणी बरोबर घ्या.

कडोली_कन्या

मध्येच विचारते, सॉरी. आम्ही चार मैत्रिणी, शेवटचं वर्ष, गाडी नाही, बजेट नाही. बसनं जमेल का? घरचे म्हणतात बदामीला कोण ओळखीचं आहे ते आधी सांगा.

निवृत्त_वाहक

जमतंय की. आधार कर्नाटकच्या पत्त्याचं असेल तर शक्ती योजनेत तुम्हाला साध्या सरकारी बसमध्ये तिकिटाचे पैसे नाहीत. २०२३च्या जूनपासून सुरू झालंय. कार्ड हातात ठेवायचं आणि शून्य रुपयाचं तिकीट मागून घ्यायचं. फुकट आहे म्हणून तिकीटच न घेता बसू नका, चेकर आला तर कंडक्टरची नोकरी जाते. एसी गाड्यांना आणि स्लीपरला चालत नाही. कोल्हापूरची मैत्रीण असेल तर तिला पैसे.

रेल्वेनं जायचं तर कोल्हापूर–तिरुपती हरिप्रिया बेळगाव, हुबळी, गदग करत होसपेटला जाते. बदामीला रेल्वेनं गेलात तर स्टेशन गावाबाहेर आहे, काही किलोमीटर. रात्री उतरायचं नाही. उजेडात पोचेल अशीच गाडी धरायची, हे घरी सांगा म्हणजे सोडतील. बदामीत कन्नड, हिंदी दोन्ही चालतंय.

शहापूरची_लेक

कडोली, घरच्यांना ओळखीचं माणूस पाहिजे असेल तर लॉजचा फोन नंबर आणि बसची वेळ कागदावर लिहून आईच्या हातात द्या. माझ्या आईला तेवढं पुरलं होतं.

मागवाला दादा, लॉजला फोन करताना नुसतं "रूम आहे काय" विचारू नका. खोली तळमजल्यावर आहे का? लिफ्ट चालू आहे का (नुसती असून उपयोग नाही)? संडास कमोडचा आहे का? गरम पाणी किती वाजेपर्यंत? गाडी कुठं लावायची? आणि मग जे कबूल केलं ते व्हॉट्सॅपवर लिहून मागा. बोललेलं हवेत जातं.

मागवाला_वडगाव

बायको, आई आणि मी, तिघांनी काल रात्री बसून सगळं पुसलं आणि नव्यानं आखलं. फेरी उलटी केली.

२५ : बेळगाव–हुबळी–गदग, वाटेत लक्कुंडीला तास-दीड तास, संध्याकाळी होसपेट. पौर्णिमेच्या दिवशी सौंदत्तीही नको, बदामीही नको. २६ : हंपी, पण फक्त विठ्ठल मंदिर, दुपारी जेवण आणि झोप, संध्याकाळी विरुपाक्ष. पहाटे मी आणि मुलगा मातंग टेकडी. २७ : होसपेटहून इळकलच्या बाजूनं अमीनगड, ऐहोळे, पट्टदकल, मुक्काम बागलकोट (बदामीच्या निम्म्या दरात खोली मिळाली). २८ : उजाडता उजाडता बनशंकरी, मग लेणी, भूतनाथ, आणि लोकापूर-यरगट्टीवरून घरी.

१९ची नऊ झाली. महाकूट गेलं याचं वाईट वाटतंय. बायकोची एक अट आहे, गुळेदगुड्डला खणासाठी अर्धा तास. आम्ही मागावरची माणसं, मला नाही म्हणता येत नाही.

खानापुरी

आता प्लॅनसारखा प्लॅन दिसतोय. दोन गोष्टी. २६ला शुक्रवार आहे, पुरातत्त्व खात्याची संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात, त्यामुळं कमलापूरचं संग्रहालय त्या दिवशी धरू नका. आणि विठ्ठल मंदिराचं ४० रुपयांचं तिकीट फेकू नका, त्याच दिवशी कमलमहालाला तेच चालतं. पट्टदकललाही ४०, बदामीला आणि ऐहोळेला २५. पंधराच्या आतल्या पोरांना तिकीट नाही. पोरांना पन्नासची नोट द्या, मागच्या बाजूचा रथ समोर शोधायला लावा. तेवढा वेळ ती शांत राहतात.

विठ्ठल मंदिरापर्यंत शेवटचा टप्पा बॅटरीच्या गाडीनं. सकाळी लवकर गेलात तर रांग कमी. आईंना गाभाऱ्याचं सांगितलंत ना?

मागवाला_वडगाव

सांगतो. धीर होत नाहीये.

निपाणी_नाका

अमीनगडला थांबताय तर करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) घ्या. गोकाकवाल्यांनी हा प्रतिसाद वाचू नये.

गोकाक_फॉल्स

वाचला. निषेध.

मागवाला_वडगाव

आलो परत. काल रात्री साडेदहाला पोचलो. आज कामावर दांडी, त्यामुळं सविस्तर लिहितो.

आधी फजिती. होसपेटच्या लॉजवाल्यानं फोनवर तळमजला कबूल केला होता. मी व्हॉट्सॅपवर लिहून मागितलं नाही, शहापूरच्या ताईंचं ऐकलं नाही. गेल्यावर खोली दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, तिच्यासमोर खुर्च्या रचून ठेवलेल्या. मी मराठी-हिंदीत आवाज चढवला, तो कन्नडात चढवायला लागला, बहीण कोल्हापुरीत मध्ये पडली. वीस मिनिटं हाच तमाशा. आई सोफ्यावर बसली होती. ती उठली, काउंटरला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "तम्मा, मोणकाल नोय्तद." (बाळा, गुडघा दुखतो.) एवढंच. पाच मिनिटांत तळमजल्याची खोली झाडून तयार. ती कुणासाठी तरी राखून ठेवलेली होती. मला राग यायचा तो आलाच, पण चावी घेतली.

मातंग टेकडी मुलाबरोबर केली. अंधारात मोबाईलच्या उजेडात चढायला नको होतं, पायऱ्या सरळ नाहीत. टॉर्च घ्या. वर मात्र पोरगा अर्धा तास काही बोलला नाही, आठवीतल्या पोराच्या मानानं हे खूप आहे.

पट्टदकलला घाटावर बसलो. पाणी कमी होतं. मुलगी म्हणाली, ही आपल्या खानापूरची नदी असेल तर इथं एवढी बारीक का. खानापुरी काका, उत्तर तुमच्याकडं मागतोय.

बनशंकरीला पहाटे सहाला पोचलो, पौर्णिमा होऊन तीन दिवस झाले तरी गर्दी होती. पण त्या वेळेला दर्शन पाऊण तासात झालं. हरिद्रातीर्थाच्या काठावर धुकं, पलीकडं नाटकाच्या तंबूचे दिवे अजून चालूच. आई पायरीवर बसली आणि तिच्या आजोबांनी इथून बैलगाडीतून दाराची चौकट नेली होती, ती गोष्ट सांगायला लागली. कुठल्या घराची, विचारलं तर म्हणाली, "ज्या घरात मी जन्मले त्याची." नऊ वाजता लेण्यांकडं निघायचं ठरलेलं, निघालो पावणेअकराला. भूतनाथ राहिलं. गुळेदगुड्ड झालं, अर्धा तास नव्हे, दोन तास. खण सहा.

आता विठ्ठल मंदिर. आदल्या रात्री होसपेटला जेवताना आईला सांगितलं की उद्या गाभारा रिकामा असणार. मला वाटलं हिरमुसेल. ती म्हणाली, "मला माहीत आहे. भानुदास महाराजांनी इथूनच परत पंढरपूरला नेलं ना त्याला. कीर्तनात दर वर्षी ऐकते." मी पंधरा दिवस ज्याला घाबरत होतो ते तिला साठ वर्षं ठाऊक. सकाळी बॅटरीच्या गाडीतून उतरली, पोरं नोट घेऊन रथाकडं पळाली, ही हळूहळू आत गेली. अंधारात हातानं उंबरा चाचपला. आत वटवाघळांचा वास. मुलगी म्हणाली, "आजी, कुणीच नाही इथं." आईनं वडगावातून आणलेल्या तुळशीचं एक पान उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हणाली, "पोचला म्हणायचा नीट."

मग बाहेर येऊन खांबाच्या सावलीत बसली आणि चहा मिळेल काय विचारलं. आत चहा नाही. थर्मास न्या.

खानापुरी

वाटेत धरण आहे, कालवे आहेत, ऊस आहे. मुलीला म्हणावं नदी सगळ्यांना वाटत वाटत जाते. थर्मासचं मीच सांगायला पाहिजे होतं, विसरलो.

निवृत्त_वाहक

यरगट्टीचा रस्ता कसा आहे आता? आमच्या वेळी फार वाईट होता.

मागवाला_वडगाव

चांगला आहे काका. पण रात्री ऊसाच्या ट्रॉल्यांना मागं दिवे नसतात, जपून यावं लागलं.

कडोली_कन्या

आमचं फेब्रुवारीत ठरलं. घरच्यांनी सोडलं! बागलकोटच्या लॉजचं नाव व्यनि (खासगी निरोप) कराल का? आणि खण किती रुपयांना मिळाला तेही.

शहापूरची_लेक

मलाही. खणाचं.